नामीचं बारसं

माझं नाव बेबी. शाळेच्या दाखल्यावर बेबी, रेशनकार्डावर बेबी, लग्नपत्रिकेतही 'चि. सौ. कां. बेबी'. वऱ्हाडात या नावाच्या बाया गल्लोगल्ली सापडतात आणि जवळजवळ प्रत्येकीची गोष्ट एकच असते: नाव ठेवायचं राहून गेलं. मी झाले तेव्हा दवाखान्यात कोणीतरी चिठ्ठीवर 'सुभद्राची बेबी' असं लिहिलं. शकूताई आणि गजूदादा यांच्या पाठीवर घरात आणखी एक मुलगा हवा होता, आले मी. माळ्यावरचा पाळणा कोणी खाली काढला नाही. सहा वर्षांनी शाळेत घालताना गुरुजींनी नाव विचारलं, तेव्हा बाबांनी तीच पिवळी पडलेली चिठ्ठी पुढे केली. गुरुजींनी एकदा चिठ्ठीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि लिहून टाकलं. मला याचं फार दुःख होतं असं समजू नका. पण त्यातून एक नाद मात्र लागला. मी नावं गोळा करायचे. वहीच्या मागच्या पानांवर मुलींची नावं लिहून ठेवायचे; लग्नपत्रिकांतली, पेपरात येणाऱ्या दहावीच्या निकालातली, एसटीत शेजारी बसलेल्या बाईनं आपल्या लेकराला मारलेल्या हाकेतली. माय म्हणायची, "पोट्टीचं ध्यान अभ्यासात नाई, लोकांच्या पोरीत आहे."

आमचं गाव संग्रामपूरहून सायकलीनं अर्ध्या तासावर. उत्तरेला सातपुडा इतका जवळ की हिवाळ्यातल्या सकाळी त्याच्यावरची झाडं एकेक करून दिसायची. आम्ही माळी. विहिरीपाशी अर्धा एकर भाजीपाला असायचा. वांगी, मेथी, सांबार. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात. माझ्या पुण्याच्या जाऊबाईंना हे अजून पटलेलं नाही. बाकीच्या वावरात कापूस आणि मधूनमधून तुरीची तासं, म्हणजे ओळी. दिवाळी सरली की आमचं घर कापसाचं होऊन जाई. मधल्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत, थेट पत्र्याला टेकेल इतका ढीग. त्याच्यावर चढून मी अभ्यास करायचे, त्याच्यावरच झोपायचे. अंगाला खाज सुटायची, नाकात तंतू जायचे, आणि तरीही तशी झोप पुढे कुठल्या गादीवर लागली नाही. सकाळी कानावर पहिल्यांदा बैलांच्या घागरमाळा यायच्या, मग मायचा भाकरी थापण्याचा आवाज, मग वहिनीच्या बांगड्या. चुलीत भाजलेल्या वांग्याचा वास आला की मी ढिगावरून घसरत खाली यायचे. भरीत, हिरव्या मिरचीचा ठेचा, ज्वारीची भाकर आणि कच्चा कांदा. हिवाळाभर आम्ही तेच खात होतो आणि रोज ते पहिल्यांदाच खाल्ल्यासारखं बोलत होतो.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी गजूदादानं हट्टानं पहिल्यांदा बीटीचं बियाणं लावलं. बाबांचा विश्वास नव्हता. ते पाकीट उलटंसुलटं करून बघत राहिले. त्यावर लांबलचक इंग्रजी नाव होतं. गावात कोणालाच ते धड म्हणता येईना. प्रत्येकानं आपापल्या जिभेला झेपेल तसं ते वाकवून घेतलं आणि पोळ्यापर्यंत ते नाव गावातलं होऊन गेलं. पराटी, म्हणजे कपाशीची झाडं, कमरेच्या वर गेली, बोंडं अशी लागली की फांद्या लवल्या. पुढे काही वर्षांनी याच वावरांनी लोकांना रडवलं. अळीला त्या बियाण्याची सवय झाली, फवाऱ्याचा वास गल्लीतून हटेना, आणि आमच्या ओळीतली दोन घरं अशी झाली की तिथे गेल्यावर काय बोलावं ते सुचत नसे. ते दिवस मी विसरले नाही. पण हे वर्ष तसं नव्हतं, आणि चांगल्या वर्षाची गोष्ट सांगताना पुढची सावली तिच्यावर पाडू नये असं मला आता वाटतं.

त्या वर्षी सुनंदावहिनीला दिवस गेले होते. आधी एकदा सहाव्या महिन्यात तिचं लेकरू गेलेलं, त्यामुळे घरात सगळे जपून बोलत. आठवा महिना सरला की तिला माहेरी पोचवायचं ठरलं होतं. तोवर तिनं वावरात यायचं नाही असं मायनं बजावलं होतं, पण वहिनी ऐकणारी नव्हती. "मी फक्त धुऱ्यावर बसतो, तुमच्याशी बोलतो," म्हणत बांधापर्यंत यायची आणि हळूच ओटी बांधून वेचायला लागायची. पांढरी फुटलेली पराटी समोर असताना तिच्यानं हात आवरत नसत.

तो दिवस असाच. सकाळची दहा-साडेदहाची वेळ, ऊन कोवळं. दादा आदल्या दिवशीचा कापूस बैलबंडीत भरून विकायला गेला होता, माय घरी, वेचणाऱ्या बाया पलीकडच्या वावरात. आम्ही दोघीच कडुनिंबाजवळच्या तासात होतो. मी वहीतली नवी नावं तिला ऐकवत होते आणि ती एकेक नाव नापास करत होती. मधेच ती गप्प झाली. बघते तर दोन्ही हातांनी पोट धरून खाली बसलेली.

"बेबीताई, काहीतरी होऊन राह्यलं."

"काय होऊन राह्यलं?"

"थे मले कसं सांगता येईन? पानी गेलं वाटते. तुम्ही पळा."

मी तिला निंबाखाली सकाळपासून वेचलेल्या कापसाच्या ढिगावर निजवलं आणि पळाले. वाटेत विहिरीवर बाबा मेथीला पाणी देत होते. त्यांना ओरडून सांगितलं, "वहिनीपाशी जा!" आणि तशीच गावाकडे. मला ठाऊक होतं, आज शाळेत सुया टोचायचा दिवस, नर्सबाई तिथेच असणार.

नर्सबाई म्हणजे आमच्या उपकेंद्राच्या सिस्टर. उंच, हडकुळ्या, पांढऱ्या साडीवर खाकी स्वेटर. मूळच्या बुलडाण्याकडच्या, ख्रिस्ती. आमच्या गावच्या पोरासोरांच्या दंडावरच्या खुणा त्यांच्याच हातच्या. बोलणं मोजकं. माझा चेहरा बघून त्यांनी पुढचं लेकरू बाजूला सारलं आणि दोनच प्रश्न विचारले. कितवा महिना, आणि पाणी गेलं का. मी उत्तरं देईपर्यंत त्यांची पिशवी खांद्याला लागली होती. त्यांच्या मोपेडवर मी मागे बसले. धुऱ्यावर काळ्या मातीच्या ढेकळांत मोपेड अडली. त्यांनी ती तशीच आडवी सोडली, साडीचा ओचा कमरेला खोवला, आणि चाळिशी ओलांडलेली ती बाई पराटीतून अशी पळाली की मला मागे टाकलं.

निंबापासून वीस पावलांवर बाबा आमच्याकडे तोंड आणि वहिनीकडे पाठ करून उभे होते. आम्ही जवळून गेलो तरी त्यांनी मान वळवली नाही.

पुढचं फार वेळ चाललं नाही, पण मला ते फार वेळ वाटलं. मी वहिनीचं डोकं मांडीवर घेतलं होतं. तिची बोटं माझ्या मनगटात रुतली. सिस्टर एकाच लयीत बोलत होत्या, "हं, आता. थांब. श्वास घे. हं, आता." आणि मग त्यांच्या हातात एवढंसं निळसर लेकरू आलं. पोरगी. ती रडली नाही.

कापसाच्या वावरात इतकी शांतता असते हे मला तोवर ठाऊक नव्हतं. सिस्टरनी बोटाला कापड गुंडाळून तिचं तोंड साफ केलं, माझी ओढणी ओढून घेतली, त्याच ओढणीनं लेकराची पाठ चोळली, तळपाय चोळले. काहीच नाही. वहिनी विचारत होती, "काऊन रडून नाई राह्यलं? बेबीताई, काऊन?" सिस्टरनी लेकराला कापसावर ठेवलं, वाकल्या आणि तिच्या तोंडा-नाकावर तोंड ठेवून हळूच फुंकर घातली. दिव्यावर घालतात त्याहून हळू. एकदा, दोनदा, तीनदा. कितव्या फुंकरीला ते माहीत नाही, पण पोरीनं तोंड वेडंवाकडं केलं, एक उचकी दिली आणि मग जो सूर लावला तो पलीकडच्या वावरातल्या बायांनीही ऐकला. निळीची ती गुलाबी होत गेलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली.

बाबांनी पाठमोऱ्यानंच विचारलं, "काय पायजे?"

"गाडी पाहिजे," सिस्टर म्हणाल्या. "दवाखान्यात न्यावं लागेल. पण घाबरू नका, दोघी चांगल्या आहेत."

बाबा धोतर सावरत गावाकडे पळाले. कोणाकडे जीप मिळते ते पाहायला. आम्ही तिघी, चौघी म्हणायला हवं, निंबाखाली थांबलो. पोरगी महिनाभर लवकर आलेली, हातभरही नव्हती. सिस्टरनी ओढणीत गुंडाळून तिला वहिनीच्या छातीशी दिलं आणि वरून कोरडा कापूस चहूबाजूंनी रचला. मग त्या स्वतःही ढिगावर टेकल्या.

मला काहीतरी बोलायला हवं होतं, नाहीतर मी रडले असते. मी विचारलं, "सिस्टर, तुमचं नाव काय हो?"

"कशाला?"

"माझ्या वहीत लिहायला."

त्यांनी माझ्याकडे जरा नवलानं पाहिलं. "नामी," त्या म्हणाल्या.

"नामी? नामी युक्तीतलं?"

आमच्या गावात इतकी वर्षं काढलेल्या त्या बाईला मी पहिल्यांदा खळखळून हसताना पाहिलं. "तसंच लिही. इंग्रजीत नाओमी म्हणतात, आमच्या मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलात, नामी आहे. फार जुनं नाव, इब्री भाषेतलं. ज्यू लोकांची ती भाषा. अर्थ म्हणजे गोड, मनाला बरी वाटणारी. माझ्या बाबांनी ठेवलं."

वहिनीनं डोळे न उघडता विचारलं, "कोन होती थे?"

मग सिस्टरनी आम्हाला ती गोष्ट सांगितली. तशी सांगितलेली गोष्ट मी पुन्हा कधी ऐकली नाही. निम्मं लक्ष गोष्टीकडे, निम्मं वहिनीच्या नाडीकडे. नामीच्या गावात दुष्काळ पडला. नवरा आणि दोन मुलं घेऊन ती परमुलखात गेली. तिथं नवरा गेला, मुलांची लग्नं झाली, मग मुलंही गेली. एका सुनेला घेऊन ती गावी परतली. बाया गोळा झाल्या, म्हणाल्या, ही आपली नामीच का? तर ती म्हणाली, मला नामी म्हणू नका, मारा म्हणा.

"मारा?" वहिनीनं डोळे उघडले. "कोनाले मारा?"

"मारा म्हणजे कडू गं. माझं आयुष्य कडू झालं, असं."

पण वहिनीला हसू फुटलं होतं. तिला दुखत होतं आणि हसू आवरत नव्हतं. "बाप्पा, हासवू नका व! नर्सबाई, पाया पडतो, हासवू नका!" तिच्या हसण्यानं छातीवरची पोरगी वरखाली होत होती. मीही हसायला लागले, सिस्टरही.

"मग पुढं?" मी विचारलं.

"पुढं सून लोकांच्या शेतात सरवा वेचायला गेली. कापणी झाल्यावर जे सांडलेलं उरतं ना, ते. त्यावर दोघी जगल्या. मग सुनेचं पुन्हा लग्न झालं, तिला मुलगा झाला, आणि बायांनी तो आणून नामीच्या मांडीवर ठेवला." त्यांनी पुन्हा वहिनीचं मनगट हातात घेतलं. "तिनं एवढं सांगितलं होतं, पण तिला मारा कोणी म्हटलंच नाही. शेवटपर्यंत नामीच म्हणत राहिले."

जीप आली. दवाखान्यात दोघींना आठवडाभर ठेवून घेतलं. मी त्या दुपारी घरी आल्यावर वहीत 'नामी' लिहिलं आणि त्याच्या पुढे बाकीच्या नावांसारखा अर्थ लिहायला गेले, तर एवढं सगळं लिहायला जागाच नव्हती.

बाराव्या दिवशी पोरगी अजून कापसात गुंडाळलेलीच होती, म्हणून बारसं सव्वा महिन्यानं करायचं ठरलं. आमच्यात नाव ठेवायचा मान आत्याचा. आत्या दोघी, शकूताई आणि मी. थोरली म्हणून पहिला हक्क ताईचा. ती सासरहून दोन दिवस आधी आली ती नाव ठरवूनच. ऐश्वर्या. त्या काळी दर दुसऱ्या घरात एक ऐश्वर्या रांगत होती. बाबांनी पंचांग पाहणाऱ्या महाराजांकडून अक्षर आणलं होतं. अक्षर निघालं 'तो'.

"तो?" माय म्हणाली. "पोरीले 'तो'?"

आम्ही सगळे विचार करू लागलो. ताईनं तोरल म्हटलं, मायला ते तुरीसारखं वाटलं. दादा गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "तोंडली ठेवा. माळ्याच्या घरी शोभून दिसन." वहिनीनं त्याला उशी फेकून मारली. शेवटी असं ठरलं की जन्मनाव पत्रिकेपुरतं काहीही राहू दे, हाक मारायचं नाव आपल्या मनाचं ठेवू.

तेव्हा मी म्हणाले, "नामी."

हे नाव कोणाचं ते दादाला आणि वहिनीला माहीत होतं, बाकीच्यांना नव्हतं. मी सांगितलं, हे सिस्टरचं नाव आहे. अर्थही सांगितला.

ताईच्या कपाळाला आठी पडली. "ख्रिस्ताव नाव? बेबे, नर्सबाईचे उपकार आहेत, मी नाई म्हणत नाई. साडी नेसवू आपण तिले. पण नाव? उद्या सोयरीक जमवताना लोक इचारतीन, हे कुठचं नाव, तं काय सांगशील?"

"नामी म्हणजे चांगली. सांगू की मराठी आहे म्हणून."

"आन् खोटं बोलशील?"

ताई वाईट नव्हती. सासरी लोक एकेका गोष्टीवरून कसं टोचतात ते तिनं सोसलेलं होतं, मी नव्हतं. पण दादा उठला. कोपऱ्यात खुंटीला बियाण्याचं रिकामं पाकीट अडकवलेलं होतं, त्यात माय सुयादोरे ठेवायची. ते काढून त्यानं ताईसमोर धरलं.

"हे वाच."

"मले इंग्रजी कुठं येते?"

"मलेही नाई येत. हे नाव कुठचं, कोन्या देशाचं, इचारलं का कोनं? वावरात पेरलं. ओल्यात पेरलं, कोरड्यात पेरलं, सात वावरांच्या धुऱ्यांवर उभं राहून लोकांनी नवस केल्यावानी त्याचं नाव घेतलं. आन् जिनं माह्या पोरीच्या तोंडात जीव फुंकला, तिच्या नावाची चौकशी करता काय बे?"

"मले बे म्हनतो का?" ताई म्हणाली, आणि तिच्याही तोंडावर हसू आलं. पण ती मानली नव्हती. तिनं बाबांकडे पाहिलं. "बाबा, तुम्ही सांगा."

बाबा दाराशी बसून मेथीच्या जुड्या बांधत होते. सुतळीला गाठ मारली, ती जुडी बाजूला ठेवली, आणि पुढची हातात न घेता म्हणाले, "हिच्या वेळी बायांनी मले तीनदा इचारलं, नाव काय ठेवू? मी वावरात निघून गेलो. तीनही वेळा." ते माझ्याकडे बघत नव्हते, पण बोलत होते माझ्याबद्दल. "पोरगा पायजे होता मले. लय मोठी चूक केली असं तवा वाटलं नाई. पुढं रोज हाक मारताना वाटू लागलं. आता कितीक वर्ष झाले, रोज वाटते." मग त्यांनी ताईकडे पाहिलं. "शकू, तू थोरली. मान तुहा. पन हे नाव हिले ठेवू दे."

मायनं चुलीत उगाच लाकूड सारलं. मला काय वाटलं ते मी अनेकदा लिहायचा प्रयत्न केला आणि खोडलं. एवढंच सांगते, मी उठून बाबांच्या शेजारी बसले आणि जुड्या बांधायला लागले. ताईनंही एक जुडी पुढ्यात ओढली आणि म्हणाली, "बरं. पन कुर्र मीच करीन." आणि प्रश्न संपला.

आता प्रश्न सिस्टरना बोलवायचा. माय म्हणाली, "थे कोनाकडे जेवत नाईत. डबा आनतात, उपकेंद्राच्या पायरीवर बसून खातात."

"कोनं जेवाले बोलावलं का त्याइले?" वहिनीनं विचारलं.

माय विचारात पडली. इतक्या वर्षांत नर्सबाईंनी घराघरात पाय ठेवला होता, पण बाजेच्या कडेपर्यंतच. चहासुद्धा कोणी आग्रहानं विचारला नसावा, आणि विचारलाच तर कुठल्या कपात द्यायचा हे मनात आल्याशिवाय राहिलं नसेल. मायच्याही मनात आलं असणार. दुसऱ्या दिवशी ती स्वतः उपकेंद्रावर गेली. काय बोलली ठाऊक नाही, परत येऊन एवढंच म्हणाली, "येतीन."

बारशाच्या दिवशी अंगणात बाया मावेनात. कापूस बराचसा विकला गेला होता, म्हणून मधली खोली मोकळी होती, तिथे पाळणा बांधला. एका पातेल्यात हरभऱ्याच्या घुगऱ्या, दुसऱ्यात वांग्याची भाजी, बाहेर तीन दगडांच्या चुलीवर वरण रटरटत होतं आणि गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजत होते. बांगड्या भरायला सलमाबी आली होती. तिच्या टोपलीशिवाय आमच्या गावात कुठलंही बारसं किंवा लग्न उरकत नसे. पोरीच्या काळ्या मण्यांच्या मनगट्या करताकरता तिनं विचारलं, "नाव क्या रखते?" मी सांगितलं. "नामी? अर्थ?" मी तोही सांगितला. ती म्हणाली, "अरे, तो फिर हमारे में नईमा होता. माह्या आजीचं नाव नईमा. वही मतलब, सुखातली, चैनीतली." मला तेव्हा वाटलं, ही कौतुकानं जुळवून घेतेय. पण आमची नामी मोठी झाल्यावर तिनंच एकदा मोबाइलवर शोधून मला दाखवलं, की इब्री आणि अरबी या दोन्ही भाषा बहिणी आहेत आणि दोन्ही नावांचं मूळ एक. सलमाबी कुठल्या शाळेत गेली नव्हती.

ते नाव पुढे कसं पसरलं हेही इथेच सांगून टाकते. दुसऱ्या वर्षी कोळ्यांच्या घरी नामी झाली. मग शेजारच्या गावी एक, मग वहिनीच्या माहेरी. त्यातल्या कोणालाही ते नाव कुठून आलं हे विचारलं तर एकच उत्तर मिळे, "संग्रामपूरकडं ठेवतात." मागे एकदा आमच्या नामीबरोबर मी बाजारात उभी होते. कोणीतरी "ए नामे!" अशी हाक मारली, तर हिच्याबरोबर आणखी दोन पोरींनी वळून पाहिलं. शकूताईची काळजी मात्र फुकट गेली. सोयरिकीला आलेल्या माणसांनी नावाचं काहीच विचारलं नाही. पोरगी शेगावला मोबाइलच्या दुकानात काम करते, लग्नानंतरही करणार का, एवढंच विचारलं. ती म्हणाली, करणार.

तर बारसं. सिस्टर आल्या त्या गुलाबी साडीत. पांढऱ्या साडीशिवाय त्यांना कोणी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे काही बायांनी ओळखलंच नाही. त्या दाराशीच उभ्या राहिल्या, हातात बाळासाठी विणलेली टोपी. नाव काय ठेवणार हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. ते आम्ही राखून ठेवलं होतं. गोविंद-गोपाळ म्हणत बाळाला पाळण्याखालून-वरून फिरवून झालं. ताईनं पाळण्यात वाकून कानात 'कुर्र' केलं, मग मला पुढे ओढलं. मी वाकले. पोरगी जागी होती, माझ्या नाकाकडे बघत होती. मी तिच्या कानात नाव सांगितलं, आणि माझ्या पाठीवर रिवाजाप्रमाणे बायांच्या बुक्क्या पडल्या, जरा जास्तच.

"काय ठेवलं? काय ठेवलं?"

"नामी!" ताईच ओरडली. "आमच्या नर्सबाईचं नाव हाय!"

आणि सगळ्या बायांनी ते तोंडात घोळवून पाहिलं. नामी. नामी व? हाव, नामी. घुगऱ्या खाताखाता, पदर सावरता सावरता, पन्नास तोंडांतून एकच शब्द. मी दाराकडे पाहिलं, तर सिस्टर तिथं नव्हत्या.

त्या घरामागे सापडल्या, सरकी ठेवायच्या छपरीत. विणलेली टोपी तोंडाशी धरून रडत होत्या. मी घाबरले. "सिस्टर, चुकलं का आमचं? आधी विचारायला हवं होतं."

त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, "बाबा जाऊन सात वर्षं झाली. त्यांच्यानंतर मला नावानं हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. ऑफिसात सिस्टर, गावात नर्सबाई, घरी मी एकटी. आत्ता तिथं सगळ्या म्हणत होत्या ना, मला वाटलं मलाच बोलावतायत. मी 'ओ' देणार होते गं."

मी त्यांचा हात धरून उभी राहिले. अंगणात पंगतीची गडबड सुरू झाली होती, पत्रावळींचा आवाज येत होता, कोणीतरी रोडग्यांवरची राख झटकत होतं. तेवढ्यात माय छपरीच्या तोंडाशी आली. हाताला पीठ, कपाळावर घाम. तिनं एकदा आमच्याकडे पाहिलं. किती ऐकलं होतं तिनं, ते मला कधीच कळलं नाही. पण ती नर्सबाई म्हणाली नाही, सिस्टरही म्हणाली नाही. धाकट्या बहिणीवर खेकसावं तशी खेकसली.

"नामे! इथं काय करून राह्यली व? पंगत बसली. माह्या बाजूले जागा धरली तुह्यासाठी, चाल लवकर, वरन निवून राह्यलं."

"आली व माय," सिस्टर म्हणाल्या, आणि डोळे पुसायचेही विसरून तिच्या मागोमाग धावत गेल्या.